दि. य. देशपांडे आणि ‘आजचा सुधारक’: पार्श्वभूमी

मराठीत तत्त्वज्ञान म्हटले की बहुतेकांना आधी प्रवचन आठवते. तर्कशास्त्र आणि नीतिमीमांसा हे कॉलेजातले विषय, परीक्षेबरोबर संपणारे. प्रा. दि. य. देशपांडे (१९१७–२००५) यांनी ते वर्गाबाहेर आणले, तेही सत्तरी ओलांडल्यावर.

अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान शिकवले. ‘अर्वाचीन पाश्चात्य तत्त्वज्ञान’ हे त्यांचे पुस्तक विद्यार्थ्यांच्या कामी आले. पण सामान्य वाचकापर्यंत ते पोचले मासिकामुळे. पत्नी मनूताई नातू यांच्या स्मरणार्थ एप्रिल १९९० मध्ये नागपुरातून त्यांनी ‘नवा सुधारक’ सुरू केला. पुढे त्याचे नाव ‘आजचा सुधारक’ झाले. १८८८ साली आगरकरांनी काढलेल्या ‘सुधारक’चा वारसा नावातच होता. मंडल आणि मंदिर या वादांनी देश ढवळून निघाला, तेही १९९० हेच वर्ष.

मासिकात दि. यं.नी ‘विवेकवाद’ ही लेखमाला लिहिली. विवेकवादाची मांडणी समजायला एक साधा भेद पुरतो. ‘आज नागपुरात ऊन आहे’ हे खरे की खोटे, ते बाहेर डोकावले की कळते. ‘कोणाला फसवू नये’ हे मात्र कितीही डोकावून कळणार नाही. मग नीती म्हणजे ज्याची त्याची आवडनिवड का? की ती धर्मग्रंथावर सोपवायची? विवेकवादी दोन्ही नाकारतो. ईश्वराची आज्ञा नसली तरी नीतीचा विचार बुद्धीने करता येतो, करायलाच हवा, ही त्याची भूमिका. माझ्या मते दि. यं.चे खरे मोठेपण इथे आहे: त्यांनी विषय सोपा करताना युक्तिवाद पातळ केला नाही. वाचकाला समजेल अशी भाषा वापरली, पण त्याच्याकडून मेहनतही मागितली.

मनूताईंनी ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांच्या १९२९ च्या ‘मॅरेज अँड मॉरल्स’चे मराठी भाषांतर केले होते. ‘विवाह आणि नीती’ या नावाने तेही या मासिकात क्रमशः आले. विवाहसंस्थेची अशी मोकळी चिकित्सा मराठी घरांत महिन्याच्या टपालाने पोचू लागली, ही मला लेखमालेइतकीच मोलाची गोष्ट वाटते.

पुढे दिवाकर मोहनी, नंदा खरे अशांनी संपादनाची धुरा सांभाळली. शेती, अर्थकारण, शिक्षण, लिपी असे विषय वाढत गेले. छापील अंक २०१७ मध्ये थांबला. त्यानंतर मासिक ऑनलाइन रूपात आले आणि जुने अंकही आता तिथे वाचता येतात.