सगळं लेगोचंच हवं, हा हट्ट आला कुठून?

लेगोच्या ठोकळ्यांची स्टॉप-मोशन फिल्म करायला बसलं की पहिल्याच दिवशी एक वाद उभा राहतो. पाणी कशाचं करायचं? लेगोचीच निळी पारदर्शक गोल बटणं पसरायची, की स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म चुरगाळून अंथरायची? या छंदातली कर्मठ मंडळी बटणांच्या बाजूने असतात. सेटवर जे दिसेल ते ठोकळ्यांचंच हवं. धूर कापसाचा चालणार नाही, आग जिलेटिन पेपरची चालणार नाही. हे सोवळं इतकं कडक आहे की ते पहिल्यापासून चालत आलं असणार असं वाटतं. प्रत्यक्षात ते बरंच नंतरचं आहे. या फिल्मा सुरू झाल्या तेव्हा हाताला लागेल ते सेटवर यायचं.

निर्जीव वस्तू थोडी सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची, ही स्टॉप-मोशनची युक्ती जवळजवळ सिनेमाइतकी जुनी. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली होती आणि पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्यांना पडद्यावर नाचवलं. पण आगकाडीला घर लागत नाही. काळं फडकं पसरलं की तिचं नेपथ्य झालं. खेळण्यातल्या माणसाला मात्र घर लागतं, रस्ता लागतो, हातात धरायला काहीतरी लागतं. ठोकळ्यांची गंमत अशी की ज्याचा माणूस, त्याचंच घर आणि त्याचीच प्रॉपर्टी, म्हणजे पात्रांच्या हातातलं सामान. रंगभूमीवर नेपथ्यवाला आणि प्रॉपर्टीवाला वेगळे असतात. इथे सगळं एकाच डब्यातून निघतं.

आज आपण ओळखतो त्या ठोकळ्याच्या पेटंटचा अर्ज 28 जानेवारी 1958 रोजी दाखल झाला. वर गोल बटणं, आत पोकळ नळ्या. दोन बटणांच्या केंद्रांतलं अंतर 8 मिलिमीटर, ठोकळ्याची उंची 9.6 मिलिमीटर आणि एका ठोकळ्याच्या उंचीत चपट्या प्लेटा बरोब्बर तीन. ही मापं तेव्हापासून बदललेली नाहीत. त्यामुळे साठच्या दशकातला ठोकळा आजच्या सेटच्या भिंतीत बिनबोभाट बसतो. नेपथ्य करणाऱ्याला हे मोठंच वरदान, कारण त्याचं सामान कधीच कालबाह्य होत नाही.

माहीत असलेली सगळ्यांत जुनी लेगो-फिल्म 1973ची. डेन्मार्कमधल्या लार्स आणि हेन्रिक हासिंग यांनी सुपर एट या घरगुती कॅमेऱ्यांच्या फिल्मवर ती केली. विषय चांद्रमोहिमेचा, लांबी साधारण सहा मिनिटं. ठोकळ्यांच्या हालचालींबरोबर तिच्यात खऱ्या माणसांची दृश्यंही होती, म्हणजे भेसळ पहिल्याच फिल्मपासून. ही घरगुती फिल्म 2013मध्ये इंटरनेटवर आली तेव्हा कुठे बाहेरच्यांना तिचा पत्ता लागला.

1973मध्ये लेगोचा माणूस जन्मलाच नव्हता, ही गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. 1974 साली गोल डोक्यांची, ठोकळ्यांतून जोडायची मोठी कुटुंबं आली. पुढच्या वर्षी लहान बाहुल्या आल्या, पण त्यांचे हातपाय हलत नव्हते. हात फिरणारा, पाय दुमडणारा, पिवळ्या चेहऱ्याचा मिनिफिगर 1978चा. तोवर ठोकळ्यांच्या घराला मापच नव्हतं. दार केवढं? खुर्ची केवढी? कुणासाठी?

दिवाळीतला किल्ला ज्यांनी केलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. महाराज सिंहासनासकट महादरवाज्यापेक्षा उंच, पायथ्याचा मावळा तोफेपेक्षा बुटका, आणि हळिवाच्या शेतात उभी असलेली गाय दोघांनाही भारी. पाहायला येणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, कारण तो किल्ला वरून बघतो. कॅमेरा मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर नेला की सगळं बिंग फुटतं.

मिनिफिगरने ते माप दिलं. चार ठोकळ्यांएवढा उंच, म्हणजे सुमारे चार सेंटीमीटर, आणि खांद्यापाशी दोन बटणांएवढा रुंद. उंचीच्या मानाने हा गडी फारच रुंद आहे. त्याच्या उंचीवरून घराचं प्रमाण काढलं की दारं अरुंद पडतात, रुंदीवरून काढलं की छत आभाळाला टेकतं. म्हणून या फिल्मांमधल्या खोल्या खऱ्या खोल्यांपेक्षा पसरट असतात, गाड्या फुगीर असतात आणि कॉटपुढे चालायला जागा म्हणून अर्धी भिंतच गायब असते. चूक कुठेच नाही. त्या माणसाला राहता येईल अशी जागा तशीच असते.

प्रॉपर्टीचं तर सगळं त्याच्या मुठीवर अवलंबून. मूठ म्हणजे इंग्रजी ‘सी’च्या आकाराची खोबण, तिच्यात जेमतेम 3.2 मिलिमीटर जाडीची दांडी बसते. म्हणून लेगोच्या जगातल्या सगळ्या वस्तूंना कुठेतरी तेवढ्याच जाडीची दांडी असते, मग तो तवा असो, तलवार असो, माइक असो की कप. दांडी नसेल ती वस्तू या माणसाला उचलता येत नाही. पटकथा लिहितानाच हे ध्यानात ठेवावं लागतं. ‘तो पत्र उघडतो’ असं वाक्य कागदावर सोपं दिसतं. कोपर न वळणाऱ्या, दांडीशिवाय काही न धरणाऱ्या माणसाकडून पत्र उघडून घ्यायचं म्हणजे दिग्दर्शकाची परीक्षाच. चेहऱ्याचंही तेच. 1989मध्ये समुद्री चाच्यांचे संच येईपर्यंत जवळपास सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच दोन ठिपके आणि तेच हसू होतं. खून झाला तरी हसतोय, घर जळलं तरी हसतोय. मग दुःख दाखवायचं काम नेपथ्यावर येऊन पडायचं. खिडकी बंद करा, दिवा मालवा, माणसाला पाठमोरा बसवा.

याच काळात ऑस्ट्रेलियात पर्थच्या लिंडसे फ्ले याने एक फिल्म करायला घेतली आणि ती पुरी व्हायला चार वर्षं लागली, 1985 ते 1989. नाव ‘द मॅजिक पोर्टल’. बोलेक्स कॅमेरा, 16 एमएम फिल्म, ऑस्ट्रेलियन फिल्म कमिशनचं अनुदान. लेगोबरोबर तिच्यात प्लॅस्टिसिन ही मळायची माती आहे, पुठ्ठा आहे, खरी माणसं आहेत. माझ्या मते या साऱ्या परंपरेतलं सगळ्यांत धीट नेपथ्य इथलं आहे, कारण ही पात्रं आपल्या ठोकळ्यांच्या जगाची कड ओलांडून पलीकडे जातात. इतर जण ती कड फ्रेमबाहेर लपवतात, हा ती गोष्टीत घेतो. पुढे लेगो कंपनीने हरकत घेतली आणि फिल्मच्या प्रसाराला खीळ बसली. हरकत नंतर मागे घेतली गेली, पण त्या अनिश्चिततेत गेलेला वेळ गेलाच.

तीच कंपनी 2000 साली फिल्म करण्याचा तयार संच विकायला निघाली, तोही स्टीव्हन स्पीलबर्गच्या नावाने. त्यात संगणकाला जोडायचा लहानसा कॅमेरा होता, संपादनाचं सॉफ्टवेअर होतं, डायनासोर होता आणि शूटिंग करणारी ठोकळ्यांची माणसंही होती. तोवर फिल्म धुवून येईपर्यंत दोन फ्रेममध्ये भिंत हलली की नाही हे कळत नसे. आता ते तिथल्या तिथे दिसू लागलं. 2001मध्ये मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूच्या ‘होली ग्रेल’ या सिनेमाच्या डीव्हीडीवर कॅमेलॉटच्या गाण्याचा लेगो-अवतार आला. तो लंडनच्या स्पाइट युअर फेस या जोडगोळीचा. पुढच्याच वर्षी फ्रेंच दिग्दर्शक मिशेल गोंद्रीने द व्हाइट स्ट्राइप्स या बँडच्या एका गाण्याचा व्हिडिओ लेगोत केला. पण तिथे ठोकळा विटेसारखा वापरलाच नाही, चित्रातल्या एकेका ठिपक्यासारखा वापरला. नेपथ्याच्या दृष्टीने ती वेगळीच वाट आणि तिच्यावरून फार जण गेले नाहीत.

वेबकॅमने सेटला लावलेलं वळण मात्र टिकलं. छंदी लोकांमध्ये आजही रूढ असलेला सेकंदाला 15 फ्रेमचा हिशेब त्याच जमान्यातला. म्हणजे मिनिटाला 900 फोटो. दुसरी गोष्ट फोकसची. वेबकॅमचा सेन्सर इवलासा, त्यामुळे पुढच्या माणसापासून मागच्या भिंतीपर्यंत जवळपास सगळंच स्पष्ट दिसायचं आणि मागची भिंतही नीट बांधावी लागायची. पुढे मोठ्या सेन्सरचे डीएसएलआर कॅमेरे आले, मागचं धूसर होऊ लागलं आणि लोक मागे चार रंगीत ठोकळे उभे करून शहर झालं म्हणू लागले. काहींनी त्याचाही चांगला उपयोग केला. पुढे मिनिफिगरच्या मापाचं घर, त्यामागे निम्म्या मापाचं आणि सगळ्यात मागे बोटाच्या पेराएवढ्या इमारती. टेबल दीड हाताचं, पण रस्ता कोसभर लांब वाटतो.

जमिनीचा प्रश्न वेगळा. बटणांची बेसप्लेट घेतली तर पाय घट्ट बसतात, पण पाऊल 8 मिलिमीटरचंच पडतं. मधोमध एकच बटण असलेली छोटी प्लेट घातली तर 4 मिलिमीटरचं. गुळगुळीत टाइल लावली की फरशी खरी वाटते आणि पाऊल हवं तिथे टाकता येतं, पण एका पायावर तोललेला माणूस तिसऱ्या फ्रेमला आडवा होतो. मग तळव्याला चिमूटभर ब्लू टॅक, म्हणजे चिकटवायचा मऊ गोळा. इथे सोवळेकरीही डोळेझाक करतात. कॅमेऱ्याला दिसत नाही ते ओवळं नाही, असा त्यांचा निवाडा.

आपल्याकडे करायला बसलं की काही पेच खास घरचे निघतात. मी पहिली खोली बांधली ती सोळा बटणं रुंद, म्हणजे 12.8 सेंटीमीटर. तीन भिंती, चौथी बाजू कॅमेऱ्यासाठी उघडी, डावी भिंत काढता-घालता येणारी. मेज, दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. दीडशे फ्रेम घेतल्या आणि सलग लावून पाहिल्या तर भिंतीवर सावल्यांची फडफड. वरचा दिवा आणि सेट यांच्या मध्ये छताचा पंखा फिरत होता! पंखा बंद केला, मे महिना होता, घाम ठोकळ्यांवर टपकू लागला. ट्यूबलाइट लावली तर एक फ्रेम उजळ, एक अंधारी. आपली वीज 50 हर्ट्झची, शटरचा वेग तिच्याशी जुळवून घ्यावा लागतो, हे शहाणपण नंतर आलं. शेवटी खिडकीला काळी चादर, टेबललॅम्पवर बटर पेपर आणि अंगात गडद शर्ट. पांढरा शर्ट घातला की त्याचा उजेड भिंतीवर पडतो आणि आपण जरा इकडे-तिकडे सरकलो की तो बदलतो.

सोवळं वाढायला सामानाची सोय कारणीभूत झाली, असं मला वाटतं. आधी बाजारात जो संच मिळेल त्यातूनच सेट उभा करायचा. कमी पडलं की पुठ्ठा. ब्रिकलिंक ही सुट्या भागांची ऑनलाइन बाजारपेठ 2000 साली सुरू झाली आणि राखाडी रंगाचे दोनशे ठोकळे, फक्त तेवढेच, घरपोच मागवता येऊ लागले. 2019मध्ये खुद्द लेगोने ती विकत घेतली. संगणकावर आधी सेट रचून पाहायची सोय तर 1995पासून होती, जेम्स जेसिमन याच्या एलड्रॉ या सॉफ्टवेअरमुळे. हवा तो भाग मिळतो म्हटल्यावर पुठ्ठा वापरणं हा आळस ठरू लागला.

तरी दोन फटी राहिल्याच. एक रंगाची. 2004च्या सुमारास लेगोने आपला राखाडी बदलला, जुन्या उबदार छटेच्या जागी निळसर झाक आली. जुन्या-नव्या ठोकळ्यांचा बुरूज नुसत्या डोळ्यांना ठीक दिसतो, लॅम्पखाली त्याला कोड फुटल्यासारखं दिसतं. काही जण हीच पडझड समजून मुद्दाम मिसळतात. दुसरी फट शस्त्रांची. आधुनिक युद्धातली हुबेहूब शस्त्रं लेगो करत नाही आणि छंदी लोकांना तर महायुद्धाच्या फिल्मा करायच्या असतात. मग अमेरिकेतल्या ब्रिकआर्म्ससारख्या छोट्या उद्योगांनी त्या मुठीत बसतील अशा रायफली ओतायला सुरुवात केली. त्या लेगोच्या नाहीत, पण दांडी 3.2ची आहे. सोवळ्यात चालतात का? यावर भांडणं आजही मिटलेली नाहीत.

‘सगळं ठोकळ्यांचं’ या मताला राजमान्यता मिळाली ती 2014च्या ‘द लेगो मूव्ही’ने. समुद्र ठोकळ्यांचा, ढग ठोकळ्यांचे, स्फोटही ठोकळ्यांचाच. पात्रांना खऱ्या मिनिफिगरपेक्षा जास्त वाकू दिलं नाही. आणि हे सगळं सिडनीच्या ॲनिमल लॉजिक स्टुडिओत संगणकावर घडवलेलं, खरे ठोकळे दिसतात ते मुख्यतः शेवटाकडच्या, तळघरातल्या खऱ्या माणसांच्या प्रसंगात. म्हणजे जे चार दशकं लोकांनी टेबलावर पुठ्ठा लावून भागवलं, ते शुद्ध रूपात पहिल्यांदा नीट दिसलं तेव्हा ते टेबलावर नव्हतंच.

त्या सिनेमातल्या निळ्या अंतराळवीराचं शिरस्त्राण हनुवटीपाशी तुटलेलं आहे. ऐंशीच्या दशकातली खरी शिरस्त्राणं तिथेच तुटायची. प्लॅस्टिकवर ओरखडे आहेत, साच्याची शीव आहे, धूळ आहे आणि बोटांचे ठसे आहेत. ते ठसे स्टुडिओतल्या लोकांनी वेळ देऊन, मेहनतीने उमटवले. काळ्या पारदर्शक खिडकीवरचा माझ्या अंगठ्याचा ठसा मी दर चार-पाच फ्रेमनंतर चष्म्याच्या फडक्याने पुसतो, आणि पुसताना निम्म्या वेळा खिडकीच निखळून हातात येते.