कात टाकायला आलेला खेकडा आणि कात टाकलेला खेकडा : गळाला कोणता लावायचा?

पाऊस सरतो, तापीचं गढूळ पाणी निवळायला लागतं आणि भुसावळपासून प्रकाशापर्यंत काठाकाठाने गळवाले दिसू लागतात. गांडूळ, कणकेचा गोळा, कोंबडीचं आतडं हे नेहमीचं. अलीकडे मोबाईलवर इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे व्हिडिओ पाहून पोरं खेकडाही लावायला लागली आहेत. तिकडे शरदात कॉड मासा किनाऱ्याजवळ येतो आणि त्याच्यासाठी तिथले लोक किनाऱ्यावरचा हिरवट खेकडा वापरतात. पण हाताला लागेल तो नाही, कात टाकायच्या बेतात असलेला. व्हिडिओत तो सोलला जातो, आत लुसलुशीत अंग दिसतं, आणि आपल्याकडे समज होतो की हाताला मऊ लागणारा खेकडा शोधायचा. मऊ लागतो तो कात टाकून मोकळा झालेला. दोघांत कधी कधी एका रात्रीचंच अंतर असतं, तरी गळावर दोघांचं काम अगदी वेगळं.

खेकड्याची पाठ वाढत नाही. अंग वाढवायचं तर जुनं कवच सोडावंच लागतं. त्याआधी तो खाणं बंद करतो, कपारीत किंवा बिळात दडून बसतो, आणि जुन्या कवचाखाली नव्या कवचाचा पातळ थर तयार होतो. जुन्या कवचातला थोडा चुना अंगात ओढून घेतला जातो, त्यामुळे ते ठिसूळ होतं. नांगीतलं मांससुद्धा आकसतं, कारण एवढी जाड नांगी त्या चिंचोळ्या सांध्यातून बाहेर काढायची असते. मग तो अंगात पाणी भरून घेतो, पाठीची मागची कड उचलली जाते आणि खेकडा मागच्या मागे बाहेर सरकतो. मागे राहतं ते पाय, नांग्या, डोळ्यांवरची झाकणं यांसकट अख्खं पोकळ सोंग. बादलीत खेकडे ठेवणारा नवखा माणूस सकाळी उठून बघतो तर एकाचे दोन झालेले, आणि त्यातला एक मेलेला! मेलेला कोणी नसतो, ती कात असते. ती लगेच फेकू नका. गोड्या पाण्यातले खेकडे चुन्यासाठी आपलीच कात पुष्कळदा खाऊन टाकतात.

पंचाईत अशी की कात टाकायला आलेला खेकडा वरून टणकच असतो. पाठ दाबून काही कळत नाही. त्याचा रंग मळकट, उतरलेला असतो, हालचाल मंद असते, पण एवढ्यावर भरवसा ठेवू नये. आजारी खेकडाही असाच दिसतो. खरी परीक्षा पायाची. मागच्या एखाद्या पायाचं शेवटचं टोकदार पेर मोडायचं आणि हलकेच ओढायचं. नळीसारखं कवच निघून आलं आणि आत तयार, मऊ, पूर्ण पायाचं टोक दिसलं, तर माल तयार आहे. पांढरी शीर किंवा मांसाचा धागा ओढला गेला, तर तो अजून साधा टणक खेकडा. पाण्यात सोडून द्या. गेलेलं पेर त्याला पुढच्या कातींत परत येतं. पाठ आणि पोट यांच्यामधल्या मागच्या सांध्यात फट दिसायला लागली असेल, तर पाय मोडायचीही गरज नाही. तो आज रात्रीचा पाहुणा.

कात टाकलेल्याला ओळखायला परीक्षा लागत नाही. रंग ताजा, उजळ. अंग ओल्या चामड्यासारखं, नांगी चावायला येते पण जोर नसतो. घोटाळा होतो तो गलितगात्र झालेल्या खेकड्याशी: त्याचे पाय लोंबतात, पण पाठ मात्र कडक असते आणि वास उग्र येतो. तो आमिषालाही नको आणि बादलीतही नको, कारण एक मेला की बाकीच्यांची वाट लागते.

आता गळावर काय होतं ते पाहू. कात टाकायला आलेल्या खेकड्याचं अंग भरलेलं असतं. सोलल्यावर त्यातून रस पाझरत राहतो आणि मासा येतो तो या वासावर. अंगही घट्ट असतं, त्यामुळे गळ नीट बसतो. कात टाकलेल्यात मात्र पाणीच जास्त. नवं कवच मोठं आणि आतलं मांस अजून आकसलेलं, म्हणून तो पोकळ. 'अवसेला खेकडा भरलेला, पुनवेला रिकामा' असं खेकडे खाणारे सांगतात. माझ्या मते चंद्राकडे बघण्यापेक्षा त्याची कात कधी पडली ते बघावं. असा पाणीदार खेकडा गळाला लावून जोरात फेकला की तो एकीकडे आणि गळ दुसरीकडे. काठालगत, संथ डोहात, नुसता हाताने सोडायचा असेल तर चालतो. त्यातही चिलापी माशांचा त्रास असला तर पाच मिनिटांत फक्त गळ उरतो. दोन्ही हाताशी असले तर मी अजून कात न टाकलेला घेईन, दुसऱ्याला हात लावणार नाही. आणि कात टाकून काही दिवस झालेला, पाठ जाड कागदासारखी कडकडणारा खेकडा तर दोन्हीकडून गेला: ना मऊ, ना भरलेला.

खेकड्यावर येतो कोण, हेही लक्षात घ्या. मरळ, शिवडा, शिंगाळा हे मांसाहारी मासे. रोहू-कटल्यासाठी खेकडा वाया घालवू नका, त्यांना कणीकच बरी. वाम गांडुळावर जास्त खूश.

तयारी अशी. खेकडा आधी मारायचा. जिवंतपणी सोलणं हा उगाच छळ आहे. तासभर बर्फात ठेवला की तो सुस्त होतो, मग उलटा करून पोटाची पट्टी उचलायची आणि तिच्याखाली टोकदार सुरी खोल घालायची. पाठीचं कवच उचलून काढा, पाय-नांग्यांवरची सालं ओढून काढा, दोन्ही बाजूंचे करडे, पिसांसारखे कल्ले फेका. मोठा असेल तर मधोमध दोन तुकडे. पाय जिथे अंगाला जुळतात त्या खळग्यांतून गळ फिरवायचा, टोक बाहेर मोकळं ठेवायचं, आणि शिवणकामाचा बारीक इलास्टिक दोरा सात-आठ वेढे घेऊन आवळायचा. गाठ लागत नाही, ताणून तोडला की दोरा स्वतःच धरतो. दोन-चार पाय लोंबते ठेवा. कात टाकलेला लावायचाच असेल तर तो अख्खा, आणि वेढे दुप्पट.

खेकडा जिवंतच गळाला लावायचा असेल तर या दोघांपैकी कोणीच नको. तिथे लहान, टणक, चपळ खेकडा हवा. पाठीच्या मागच्या कोपऱ्यातून, शेवटच्या पायाजवळून गळ काढला तर तो बराच वेळ चालता राहतो. तो कपारीत घुसून तंगूस (गळाची दोरी) अडकवतो, म्हणून तळापासून थोडा वर टांगा.

खानदेशात खरी अडचण साठवणीची. ऑक्टोबरच्या उन्हात कात रोखून धरणं कठीण, कारण उष्णतेने ती लवकर पडते आणि गारव्याने लांबते. समुद्रकाठी लोक ओल्या शेवाळात खेकडे ठेवतात. रावेर-यावलकडे केळीचं सोपट काय कमी आहे? पसरट टोपलीत ओलं सोपट किंवा भिजवलेलं गोणपाट, वर खेकडे, वर पुन्हा ओलं गोणपाट, आणि टोपली माठाच्या ओलाव्यात नाहीतर फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. बादलीभर पाण्यात बुडवून ठेवू नका. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि खेकडे गुदमरतात; कल्ले ओले राहिले की त्यांना हवेतही पुरतं. रोज एकदा नदीच्या पाण्यात बुचकळून काढा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. टणक, तयार आणि मऊ यांच्या टोपल्या वेगळ्या ठेवा, नाहीतर रात्रीतून मऊ खेकडा टणकांच्या पोटात जातो. तयार खेकडे जास्त झाले तर मारून, सोलून, कल्ले काढून, एकेक प्लास्टिकमध्ये गुंडाळून बर्फात टाका, ते टिकतात. कात टाकलेला मात्र बर्फातून काढल्यावर चिखल होतो.

गोळा करताना कपाशीच्या शेताकडून येणारे नाले टाळा. फवारणीची औषधं खेकड्यांना फार लवकर बाधतात, आणि तिथले अर्धमेले खेकडे पाहून कात आलीय असं वाटतं. पोटाखालची रुंद पट्टी असलेली मादी उलटी करून बघा. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची पिल्लं अंड्यातून थेट खेकड्याच्याच रूपात निघतात आणि काही काळ आईच्या पट्टीखाली राहतात. अशी मादी सापडली तर जिथून काढली त्याच बिळाशी सोडा. आणि धरणाच्या पाण्यावर बसणार असाल तर मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे ते आधी विचारून घ्या.