रेडिओ वेध, अवकाशयानातून

अवकाशयानातून रेडिओ स्पंद सोडून भोवतालच्या आयनद्रायूकडून (प्लाझ्माकडून) येणारे प्रतिध्वनी त्याच यानावर टिपण्याची पद्धत. ‘साउंडिंग’ या मूळ संज्ञेचा येथे ध्वनीशी संबंध नाही. ती खलाशांच्या, दोरीला शिसे बांधून पाण्याचा ठाव घेण्याच्या रीतीवरून आली आहे.

दर घ. सेंमी.मध्ये १०,००० इलेक्ट्रॉन असलेल्या आयनद्रायूची स्वाभाविक कंप्रता सु. ९०० किलोहर्ट्‌झ असते. या कंप्रतेचा सामान्य तरंग (परावर्तन चुंबकीय क्षेत्रावर अवलंबून नसलेला रेडिओ तरंग) तेथवर पोचला की माघारी फिरतो. १ मिलिसेकंदाने परतलेला स्पंद १५० किमी. अंतर सुचवतो, मात्र आयनद्रायूत स्पंदाचा वेग मंदावत असल्याने हे अंतर ‘आभासी’, प्रत्यक्षाहून जास्त असते.

जमिनीवरून असे वेध १९२५ च्या सुमारास सुरू झाले, पण त्यांतून आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या, आयनीभूत भागातील) सर्वांत दाट थराची वरची बाजू दिसत नाही. ती कॅनडाच्या अल्युएट–१ (२९ सप्टेंबर १९६२) या उपग्रहाने सु. १,००० किमी. उंचीवरून पाहिली. पुढे इमेज (२०००–०५) या उपग्रहाने ५०० मी. लांबीच्या अँटेनांनी ३ किलोहर्ट्‌झ ते ३ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यात चुंबकांबराचे (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रभावाखालील अवकाशाचे) वेध घेतले.

घनता सलग बदलत असेल, तर प्रतिध्वनी आयनोग्रामवर (कंप्रतेनुसार प्रतिध्वनींचे आभासी अंतर दाखवणाऱ्या आलेखावर) बारीक रेघेसारखा उमटतो. घनतेत विषमता (स्थानिक चढउतार) असल्यास ती रेघ फिसकटते. अल्युएटच्या आयनोग्रामांत असे पसरट प्रतिध्वनी वारंवार आढळले. इमेजलाही पृथ्वीभोवतीच्या दाट आयनद्रायू-कोशाकडून आरशातल्यासारख्या नेटक्या प्रतिध्वनींऐवजी बहुधा पसरटच मिळाले. चुंबकीय बलरेषांना समांतर पसरलेल्या विषमता हे त्यांचे कारण, यावर सर्वसाधारण एकमत दिसते. मतभेद आहे तो यंत्रणेविषयी. एका मतानुसार हे प्रकीर्णन (तरंगांचे विखुरणे) होय. ते अर्ध्या तरंगलांबीएवढ्या विषमतांपासून सर्वाधिक होते. म्हणजे ३०० किलोहर्ट्‌झला, निर्वातातील तरंगलांबी धरून, सु. ५०० मी. (आयनद्रायूत तरंगलांबी वाढते, तेव्हा हा आकडा किमान समजावा.) दुसऱ्या मतानुसार बलरेषेलगतची विषमता नळीसारखी वागते आणि स्पंदाला वाट दाखवते. दूरच्या गोलार्धाकडून येणाऱ्या ठळक, सुट्या रेघांना हे स्पष्टीकरण चपखल बसते. पसरट प्रतिध्वनींसाठी मात्र पहिलेच अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही प्रकार एकाच आयनोग्रामवर आढळत असल्याने एकाच यंत्रणेचा आग्रह धरणे कठीण आहे.

मंगळाभोवती मार्स एक्सप्रेसवरील मार्सिस या रडाराने कवचातील चुंबकीय क्षेत्रांवर आयनांबराला आलेले फुगवटे तिरकस प्रतिध्वनींवरून दाखवले आहेत.