'के-टू' ते 'फनी करंट' : हृदयाच्या एका प्रवाहाची पार्श्वभूमी

चेतापेशीतला विद्युत-संकेत कसा निर्माण होतो हे सांगणारे हॉजकिन आणि हक्सले यांचे माकुळाच्या चेतातंतूवरचे प्रयोग आणि त्यांची 1952 ची समीकरणे यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. हृदयापुरता प्रश्न त्यांच्या पुढे सुरू झाला. चेतापेशीतला विद्युत-संकेत एक-दोन मिलिसेकंदांत संपतो, हृदयपेशीतला काहीशे मिलिसेकंद टिकतो. पेशीपटलावरचे व्होल्टेज चढले की पोटॅशियम चॅनेल, म्हणजे पोटॅशियमला ये-जा करू देणारी पटलातली दारे, उघडतात आणि बाहेर जाणारे पोटॅशियम संकेत विझवते, हा चेतापेशीचा नियम जसाच्या तसा लावला तर हृदयाचा संकेतही तेवढ्याच झटपट विझायला हवा.

लंडनमधल्या एका तरुण संशोधकाला उत्तर सापडले ते मेंढीच्या पर्किंजे तंतूंमध्ये, म्हणजे हृदयात विद्युत-संकेत पसरवणाऱ्या तंतूंमध्ये. तिथे व्होल्टेज चढल्यावर सावकाश उघडणारे पोटॅशियम चॅनेल होतेच, पण त्याच वेळी उलट बंद होणारा दुसरा प्रकारही होता. विद्यापीठाच्या मर्क्युरी संगणकावर रात्री उशिरा मिळालेल्या वेळात त्याने समीकरणे सोडवली. 1960 मध्ये निष्कर्ष छापून आले आणि 1962 मध्ये हृदयपेशीची पूर्ण गणिती प्रतिकृती. या आकडेमोडीतून ठोके आपोआप पडू लागले. त्या प्रतिकृतीत कॅल्शियम चॅनेल नव्हते, कारण तोवर ते कुणी मोजलेच नव्हते. त्यांचे काम सोडियम चॅनेलकडूनच करून घ्यावे लागले होते.

पुढे हाच संशोधक ऑक्सफर्डला गेला आणि 1968 मध्ये, एका सहकाऱ्याबरोबर, त्याने ठोक्याचे कारण नेमके सांगितले. दोन ठोक्यांच्या मधल्या काळात व्होल्टेज हळूहळू वर सरकते. त्याचे श्रेय 'के-टू' या पोटॅशियम प्रवाहाला दिले गेले. हा बाहेर जाणारा प्रवाह ठोक्याच्या वेळी चालू होतो, मग ओसरत जातो आणि तो ओसरला की आत येणाऱ्या किरकोळ प्रवाहांचे पारडे जड होते, असे ते स्पष्टीकरण.

खरा गुंता इथे आहे. बाहेर जाणारा प्रवाह कमी होणे आणि आत येणारा वाढणे, मोजमापाच्या आलेखावर दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो प्रवाहाची दिशा कोणत्या व्होल्टेजला उलटते यावरून. 'के-टू' उलटत होता पोटॅशियमच्या समतोल व्होल्टेजच्या (ज्या व्होल्टेजला पोटॅशियमचे आत येणे आणि बाहेर जाणे सारखे होते त्याच्या) आसपास, आणि बाहेरच्या द्रावणात पोटॅशियम वाढवले की तो बिंदूही गणिताबरहुकूम सरकत होता. एवढा पुरावा समोर असताना वेगळा अर्थ कुणी का लावावा?

1979 मध्ये सशाच्या सायनस नोडमध्ये, म्हणजे ठोका जिथून सुरू होतो त्या भागात, एक चमत्कारिक प्रवाह मिळाला. व्होल्टेज खाली उतरले की चालू होणारा, आत येणारा आणि सोडियम-पोटॅशियम दोघांचाही. त्याला 'फनी' हे नाव पडले. मग 1981 मध्ये, त्या कामात सहभागी असलेल्या एका इटालियन सहकाऱ्याने वासराच्या पर्किंजे तंतूंत बेरियम वापरून दुसरे पोटॅशियम चॅनेल बंद केले. दिशा उलटण्याचा बिंदूच नाहीसा झाला. उरला तो फक्त वाढत जाणारा, आत येणारा प्रवाह.

मग आधीचे उलटणे कुठून आले होते? तंतूंच्या पेशींमध्ये अगदी अरुंद फटी असतात. व्होल्टेज फार खाली नेले की पोटॅशियम पेशींत ओढले जाते, फटींतला साठा आटतो आणि त्यामुळे घटणारा दुसराच प्रवाह मोजणीत मिसळतो. 'के-टू'चा पोटॅशियमपणा म्हणजे या मिसळीचा भास होता.

अनेक वृत्तांत हा भाग 'चूक दुरुस्त झाली' एवढ्यावर उरकतात. मला ते पटत नाही. उलटणाऱ्या बिंदूवर भरवसा ठेवणे ही त्या काळची रीतसर कसोटी होती. दगा दिला तो तंतूच्या रचनेने, आणि ती रचना सगळ्यांना माहीत होती. दाद द्यावी अशी गोष्ट पुढची आहे: जुन्या मताच्या कर्त्याने नवे मत मान्य केले आणि 1985 मध्ये त्याच इटालियन सहकाऱ्याबरोबर नवी प्रतिकृती मांडली. तिच्यात फटींतल्या पोटॅशियमचा हिशेबही घातलेला होता.

त्यानंतरचे सगळे वेगाने घडले. 1976 मध्येच आलेल्या पॅच क्लॅम्प या सूक्ष्म काचनळीच्या तंत्राने एकेका चॅनेलचा प्रवाह वेगळा मोजता येऊ लागला आणि फटींचा प्रश्न मागे पडला. 1990 च्या दशकाच्या अखेरीस 'फनी' प्रवाहाचे चॅनेल घडवणारी 'एचसीएन' जनुके सापडली. चेतापेशींतला 'आय-एच' हा तसाच प्रवाह आणि हृदयातला 'फनी' एकाच कुळातले निघाले. 'फनी' प्रवाह रोखून ठोक्यांची गती कमी करणारे आयव्हाब्रॅडिन हे औषध युरोपात 2005 मध्ये आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या डोळ्यांपुढे प्रकाश चमकतो, कारण त्याच कुळातले चॅनेल दृष्टिपटलातही आहेत.

ठोक्याचे कारण मात्र अजून एकमताने ठरलेले नाही. पेशीच्या आतल्या साठ्यातून ठरावीक अंतराने सुटणारे कॅल्शियमच ठोक्याला चालना देते, असे मानणारा गट गेल्या दोन दशकांत बळावला. 'फनी'वाले आपली जागा सोडायला तयार नाहीत, आणि दोन्ही यंत्रणा एकमेकींत गुंतलेल्या आहेत असे म्हणणारे सध्या संख्येने जास्त आहेत.