हाय खाल्लेल्या मेंदूला धीर येतो कुठून?

संकटांमागून संकटे आली आणि माणूस हातपाय गाळून बसला, की ‘त्याने हाय खाल्ली’ असे आपण म्हणतो. या बोलण्यात एक गृहीत दडलेले असते. माणूस मुळात धीराचाच होता, संकटाने त्याचा धीर हिरावून घेतला, असे आपण धरून चालतो. मानसशास्त्रानेही जवळजवळ पन्नास वर्षे असेच मानले. विशेष म्हणजे हे मत ज्यांच्या प्रयोगांतून रूढ झाले, त्याच दोन संशोधकांनी 2016 साली ते चूक असल्याचे लिहून टाकले.

मूळ प्रयोग 1967 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना कापडी झोळीत अडकवून त्यांच्या मागच्या पायांना विजेचे धक्के दिले. एका गटातील कुत्र्याने डोक्याने बाजूची फळी दाबली की धक्का थांबत असे. दुसऱ्या गटाला नेमके तेवढेच आणि तेवढाच वेळ धक्के बसत, परंतु फळी दाबून काहीही होत नसे. तिसऱ्या गटाला धक्के दिलेच नाहीत. त्यानंतर सर्वांना अशा पेटीत सोडण्यात आले, जिच्यात मधला अडसर ओलांडला की धक्क्यातून सुटका होती. पहिल्या आणि तिसऱ्या गटातील कुत्री उडी मारायला लवकर शिकली. दुसऱ्या गटातील आठपैकी सहा कुत्री मात्र प्रयत्नच सोडून धक्के सोसत राहिली. हा प्रयोग आज वाचतानाही अंगावर काटा येतो, आणि आजच्या नियमांत त्याला परवानगी मिळणे अवघडच आहे.

दोन्ही गटांच्या वाट्याला दुःख सारखेच आले होते. फरक पडला तो एवढ्यावरच, की आपल्या हालचालीने काही बदलते असा अनुभव एकाला आला आणि दुसऱ्याला आला नाही. यावरून ‘शिकलेली असहायता’ ही संकल्पना पुढे आली: आपल्या हाती काही नाही, हे प्राणी अनुभवातून शिकतो, असा तिचा अर्थ.

मायर पुढे कोलोरॅडो विद्यापीठात मेंदूच्या अभ्यासाकडे वळले, आणि उंदरांवरील प्रयोगांतून त्यांना चित्र उलटे दिसू लागले. मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभात डॉर्सल राफे नावाचा पेशींचा एक पुंजका आहे. त्रास लांबला की या पेशी मोठ्या प्रमाणावर सेरोटोनिन हे रसायन सोडतात, त्यामुळे भीती वाढते आणि हालचाल मंदावते. हे घडण्यासाठी काहीही शिकावे लागत नाही, कारण ती प्राण्याची उपजत प्रतिक्रिया आहे. शिकावी लागते ती नेमकी विरुद्ध गोष्ट. आपल्या कृतीने त्रास थांबतो हे कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या एका भागाला कळले, की तो भाग खालच्या पुंजक्याला आवर घालतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी औषध टोचून हा वरचा भाग तात्पुरता बंद केला, तेव्हा धक्का थांबवण्याची सोय हाताशी असलेले उंदीरही असहाय उंदरांसारखेच वागले. म्हणजे असहायता ही मेंदूची मूळ स्थिती आहे, आणि धीर हीच कमावण्याची गोष्ट आहे.

हे मान्य केले, तर हाय खाल्लेल्या माणसाला दुबळे ठरवण्याला काही आधार उरत नाही, कारण त्याचा मेंदू अतिशय जुन्या चाकोरीने चाललेला असतो. कॅन्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी आशेची जी व्याख्या केली, तीही या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. ‘सगळे चांगलेच होईल’ या भावनेला त्यांनी आशा म्हटले नाही. गाठायचे ठिकाण, तिथे नेणाऱ्या वाटा दिसणे आणि त्या वाटेने आपण चालू शकू असे वाटणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आशा निर्माण होते, असे ते म्हणत. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजपट्टीत बारा विधाने आहेत. त्यांतील चार वाटांविषयीची, चार चालण्याच्या बळाविषयीची, आणि उरलेली चार केवळ भरतीची, गुण मोजताना न धरायची.

मग श्रद्धेचे काय? तिच्यात तर आपल्या हातचे सोडून दुसऱ्या कुणावर भार टाकायचा असतो. या प्रश्नावर विज्ञानाजवळ सरळ उत्तर नाही, पण दोन अभ्यास शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1802 रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. अनोळखी लोक आपल्यासाठी प्रार्थना करत आहेत, हे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यापैकी 59 टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली, पण तसे निश्चित सांगितले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण 52 टक्के होते. दूर कुठेतरी कुणीतरी केलेल्या प्रार्थनेचा लाभ येथे दिसला नाही.

दुसरा अभ्यास प्रयागच्या माघ मेळ्यातला आहे. तेथे कल्पवासी म्हणवणारे यात्रेकरू महिनाभर कडाक्याच्या थंडीत संगमाच्या काठी तंबूत राहतात आणि पहाटे गंगेत स्नान करतात. भोवती अखंड गोंगाट असतो आणि सोयी बेताच्याच असतात. भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी या यात्रेकरूंना मेळ्याआधी आणि मेळा संपल्यावर प्रश्न विचारले, आणि घरीच राहिलेल्या लोकांशी त्यांची तुलना केली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, यात्रेकरूंनी सांगितलेले स्वास्थ्य घरी राहिलेल्यांच्या तुलनेत सुधारलेले आढळले. शेजारच्या अनोळखी माणसाला ‘आपल्यातला’ मानणे हे या सुधारणेचे मोठे कारण असावे, असे या संशोधकांच्या पुढील कामातून दिसते. आळंदीहून पंढरपूरपर्यंत दिंडीत चाललेल्या वारकऱ्याला यात नवल वाटणार नाही. वारीतली श्रद्धा बसून राहण्याची नसते. तिला रोजचा मुक्काम गाठायचा असतो, आणि पाय थकले तरी पुढे टाळ वाजत असतात आणि मागून माणसे येत असतात. भार विठ्ठलावर टाकला तरी चालायचे आपणच असते, आणि मला वाटते, स्नायडर यांच्या तिन्ही अटी येथे न सांगता पुऱ्या होतात.

दीर्घकाळच्या नैराश्यावर डॉक्टरांचे उपचार हवेत, याविषयी शंका नसावी. परंतु भोवतालच्या माणसांनी काय करावे, याचा काहीसा अंदाज त्या पहिल्या कुत्र्यांच्याच कथेतून येतो. 1968 साली सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही असहाय कुत्र्यांना बरे करण्याचा प्रयत्न केला. पलीकडून हाका मारून पाहिल्या, खाण्याचे आमिष दाखवले, मधला अडसर काढून टाकला, तरी कुत्री जागची हलली नाहीत. शेवटी गळ्याला दोरी बांधून त्यांना पलीकडे ओढून नेले. एकदा नेऊन भागले नाही, पुन्हा पुन्हा न्यावे लागले. सुरुवातीला बराच जोर लागे, मग हळूहळू कमी लागू लागला, आणि एका टप्प्यावर दोरी सैल असतानाच कुत्री आपणहून पलीकडे गेली.