करवत थांबली, पण बंद झाली का?

सॉ मिलमध्ये लाकूड कापणाऱ्याच्या बचावासाठी यंत्रावर आवरण, म्हणजे गार्ड, असतो. पण पातं बदलायचं, पुलीवर चिकटलेला भुसा खरवडायचा किंवा बेअरिंगला ग्रीस द्यायचं, तर आधी तो गार्डच काढावा लागतो. म्हणून दुरुस्तीच्या सुरक्षेचा इतिहास गार्डच्या इतिहासाहून वेगळा आहे, आणि बराच उशिराचा.

ओंडक्याच्या वर एक आणि खाली खड्ड्यात एक, असे दोघे मिळून करवत ओढत, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. हात थांबले की करवत थांबली. दुरुस्ती म्हणजे कानशीने धार लावणं आणि दात एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवणं. इंजिन आलं आणि सगळं फिरलं. एका इंजिनावर लांबच लांब शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, त्यावर पुल्या, प्रत्येक पुलीवरून एकेका यंत्राला पट्टा. एका करवतीसाठी इंजिन थांबवलं तर अख्खी मिल थांबायची. मग तेल चालत्या शाफ्टलाच घातलं जायचं आणि निसटलेला पट्टाही फिरत्या पुलीवर चढवला जायचा. अपघाताला कामगाराचा निष्काळजीपणा हे कारण सांगणं सोपं असतं. इथे यंत्रांची जोडणीच तशी होती.

1948 च्या कारखाना कायद्यात ही अडचण स्पष्ट दिसते.  कलम 22 म्हणत होतं, यंत्र चालू असतानाच तपासणं किंवा तेल घालणं भाग असेल, तर ते खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावं, त्याचं नाव रजिस्टरमध्ये असावं, आणि त्याच्या अंगात घट्ट बसणारे कपडे असावेत, तेही मालकाने दिलेले. ही कपड्यांची अट वाचताना सैल सदरा, धोतराचा सोगा आणि फिरता शाफ्ट डोळ्यांसमोर येतात.

पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र विजेची मोटर आली. आता एकच करवत थांबवता येऊ लागली, पण धोक्याने रूप बदललं. शाफ्ट फिरताना दिसायचा, ऐकू यायचा. मोटरवरचं यंत्र गप्प उभं असतं. आत फिटरचा हात आहे हे ठाऊक नसलेला कोणी पलीकडून बटण दाबतो. 1976 च्या दुरुस्तीने कलम 24 मध्ये भर पडली: वीज तोडणारा स्विच चुकून चालू होण्यासारखा असेल, तर तो बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय हवी. अमेरिकेत यावर सविस्तर नियम 1989 मध्ये निघाला. जो दुरुस्ती करणार त्याने स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, आणि काम संपल्यावर ते त्यानेच काढायचं.

त्या नियमातली दुसरी गोष्ट बॅण्ड सॉवाल्यांनी, म्हणजे चाकांवर ताणलेल्या पट्टीसारख्या पात्याची करवत चालवणाऱ्यांनी, विशेष लक्षात घ्यावी अशी आहे: वीज तोडली तरी यंत्रात जोर शिल्लक असतो. बॅण्ड सॉची जड चाकं स्विच बंद केल्यावरही फिरत राहतात. ती थांबली तरी पात्यावर ताण असतोच. तो सैल न करता पातं काढायला गेलं की ते उसळतं.

जंगलातल्या चेन सॉची गोष्ट थोडी निराळी. तिचा उलटा झटका, म्हणजे करवत चालवणाऱ्याच्या अंगावर उसळणं, आवरण्यासाठी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला साखळी थांबवणारा चेन ब्रेक आला. पण धार लावताना प्रत्येक दातापुढचा छोटा उंचवटा गरजेपेक्षा जास्त घासला, तर दात लाकडात खोल घुसतो आणि झटक्याचा धोका वाढतो. तिथे दुरुस्तीच धोका तयार करते.

आपल्याकडचा पेच कायदा कोणाला लागू होतो हा आहे. 1881 चा पहिला कारखाना कायदा 100 कामगारांपासून पुढे लागू होता. 1891 मध्ये ही मर्यादा 50 वर आली, 1922 मध्ये 20 वर, आणि 1948 मध्ये वीज वापरणाऱ्या कारखान्यांसाठी 10 वर. चार-पाच माणसांच्या सॉ मिलला तीही सहसा लागू पडत नव्हती. राज्य सरकारला कलम 85 नुसार लहान कारखानेही कायद्याखाली आणता येत, पण त्यासाठी वेगळी अधिसूचना काढावी लागे. वनखात्याचा परवाना मात्र लहान मिललाही लागतो, आणि ऑक्टोबर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वनविषयक प्रकरणांसाठी स्वतःच नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीच्या परवानगीशिवाय नवी सॉ मिल उघडायला मनाई केली. त्या आदेशाचा रोख जंगल वाचवण्यावर होता. करवतीशी काम करणाऱ्यांची बोटं हा त्याचा विषय नव्हता. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कारखान्याच्या व्याख्येतली 10 ची मर्यादा पुन्हा 20 वर नेली.