बेकरी असो की बॉयलरवाला छोटा कारखाना, एमपीसीबीचं कन्सेंट कसं काढायचं

धंदा सुरू करताना गुमास्ता, जीएसटी, उद्यम, फूड लायसन्स हे सगळं लोक बरोब्बर काढतात, पण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं म्हणजे एमपीसीबीचं कन्सेंट आठवतं ते थेट नोटीस आल्यावर, नाहीतर बँकेने लोनसाठी मागितल्यावर. आणि "आमचं कुठे प्रदूषण, आम्ही तर पाव भाजतो" हे वाक्य तर ठरलेलंच. कायद्याला तुम्ही काय विकता याच्याशी फारसं देणंघेणं नाहीये, धुराडं आहे का आणि त्याखाली काय जळतं ते तो आधी बघतो.

कायदा जुनाच आहे, 1981 चा हवा प्रदूषण कायदा, त्याचं कलम 21. त्यानुसार मंडळाची संमती (म्हणजेच कन्सेंट) आधी घेतल्याशिवाय युनिट उभारायचंही नाही आणि चालवायचंही नाही, त्यामुळे कन्सेंट दोन असतात. बांधकाम, मशिनरी सुरू करायच्या आधी कन्सेंट टू एस्टॅब्लिश आणि उत्पादन सुरू करायच्या आधी कन्सेंट टू ऑपरेट. पहिलं मिळालं म्हणून भट्टी पेटवली असं बरेच जण करतात, ते चालत नाही. सांडपाणी असेल तर 1974 चा पाण्याचा कायदाही लागतो, पण अर्ज वेगळा करायची गरज नसते, एकाच फॉर्ममध्ये दोन्ही होतं.

आता तुम्ही कुठल्या रंगात बसता ते बघा, सगळं त्याच्यावर आहे. धंद्यातून प्रदूषण किती होऊ शकतं त्यावरून, जास्तीकडून कमीकडे, रेड, ऑरेंज, ग्रीन, व्हाइट असे गट आहेत, 2025 मध्ये त्यात ब्लू (कचरा प्रक्रियेसारख्या अत्यावश्यक पर्यावरण सेवांसाठी) पण आला. व्हाइटमधल्या युनिट्सना नोव्हेंबर 2024 च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर कन्सेंटमधून सूट आहे, पण मंडळाला लेखी कळवायचं असतं आणि ते पत्र दिल्याची पोच जपून ठेवायची, तपासणीला कोणी आलं तर तीच दाखवायची आहे. बेकरीचं उदाहरण घ्या. 2016 च्या यादीत गॅस किंवा इलेक्ट्रिक ओव्हनवर रोज एक टनाच्या आत माल काढणारी बेकरी ग्रीनमध्ये होती आणि एक टनाच्या वर गेली की ऑरेंज. याद्या बदलत राहतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशीची ताजी यादी उघडूनच गट टाका, शेजारच्याने काय टाकलं होतं ते बघून नको.

मुंबईतल्या बेकरी, हॉटेल आणि तंदूरवाल्यांनी तर फॉर्म उघडायच्या आधी इंधनाचं ठरवावं. जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर न्या असं सांगितलं आणि नवीन परवानगी पण त्याच अटीवर द्यायची म्हटलं. जुन्या भट्टीत जळतं काय तर भंगारात निघालेलं फर्निचर, प्लायवूड, त्यावरचा रंग आणि सनमायका सगळं तसंच आत जातं, आणि धूर जातो शेजारच्या चाळीच्या खिडकीत. लाकडावरच्या पावाची चव वेगळी हे मान्य आहे, पण चवीसाठी वेगळा कॉलम फॉर्ममध्ये नाहीये. पाइप गॅस, सिलेंडर की इलेक्ट्रिक हे आधी पक्कं करा, कारण अर्जात इंधनाचा प्रकार आणि वापर दोन्ही भरायचंय आणि नंतर बदललं की पुन्हा अर्ज.

अर्ज मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवरच होतो. लॉगिन बनवताना मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या, कन्सल्टंटचा नको, हे दहा वेळा सांगावं असं आहे, कारण कागद कमी पडला की क्वेरी त्याच ईमेलवर येते आणि तुम्ही इकडे वाट बघत बसता. कागदांमध्ये जागेचा पुरावा (सातबारा, एमआयडीसीचं अलॉटमेंट लेटर किंवा भाडेकरार), युनिटचा लेआउट प्लॅन, प्रोसेस फ्लो चार्ट, कच्चा माल आणि तयार मालाचं प्रमाण, पाणी किती लागतं, इंधन किती, धुराड्याची उंची, जनरेटर असेल तर त्याचा केव्हीए (क्षमतेचा आकडा), स्थानिक संस्थेची परवानगी आणि सीएचं सर्टिफिकेट. ऑपरेटच्या वेळी आधीच्या कन्सेंटची कॉपी आणि त्यातल्या अटी पाळल्याचे पुरावे पण लागतात.

सीए सर्टिफिकेटवर जरा थांबतो. फी ठरते भांडवली गुंतवणुकीवर, म्हणजे जमीन, इमारत आणि मशिनरी मिळून, आणि तीही ग्रॉस, घसारा वजा न करता. बॅलन्स शीटमधला घसारा वजा जाता उरलेला आकडा उचलून टाकला की फी कमी भरली जाते आणि अर्ज तिथेच अडकतो. अर्ज कुठल्या ऑफिसात मंजूर होणार, उपप्रादेशिक, प्रादेशिक की सायनचं मुख्यालय, ते पण गट आणि गुंतवणूक बघूनच ठरतं.

धुराड्याची उंची अंदाजे टाकू नका. जनरेटरसाठी हिशोब सोपा आहे, केव्हीएचं वर्गमूळ काढा, त्याला 0.2 ने गुणा आणि इमारतीच्या उंचीत मिळवा. 100 केव्हीएचा जनरेटर आणि 8 मीटरची इमारत असेल तर वर्गमूळ 10, म्हणजे 2 मीटर जास्त, एकूण 10 मीटर. तासाला दोन टनांपेक्षा कमी वाफेच्या बॉयलरला 9 मीटर किंवा शेजारच्या इमारतीच्या उंचीच्या अडीच पट, यातलं जे जास्त असेल ते. नवीन जनरेटर घेणार असाल तर सीपीसीबी फोर प्लसचाच (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या धुराच्या नव्या मानकाचा) बघा, 1 जुलै 2023 पासून तोच नियम आहे, स्वस्तातलं जुनं मॉडेल गळ्यात मारतात.

अर्ज गेला की फील्ड ऑफिसर पाहणीला येतो. कागदावर गॅस आणि मागच्या दारात लाकडाचा ढीग, असं निघालं तर काय होणार ते सांगायला नको. कायद्यात निर्णयासाठी चार महिने दिलेत. पाण्याच्या कायद्यात परिपूर्ण अर्जावर चार महिन्यांत उत्तर नाही आलं तर संमती मिळाली असं धरतात, हवेच्या कायद्यात तशी सोय नाहीये, त्यामुळे "चार महिने झाले, झालंच समजा" म्हणणाऱ्या एजंटचं ऐकू नका.

कन्सेंट हातात आलं की पहिलं पान फ्रेम करायचं आणि बाकीची पानं कपाटात, असं करू नका. अटी मागच्या पानांवरच असतात, उत्पादनाची मर्यादा, धुराची तपासणी किती दिवसांनी करायची, सगळं. मुदतही तिथेच बघा. शिवाय दरवर्षी 30 सप्टेंबरच्या आत फॉर्म पाच, म्हणजे एन्व्हायर्नमेंट स्टेटमेंट, भरायचं असतं आणि ते निम्मे लोक विसरतात.

दंडाचं म्हणाल तर 2023 च्या जन विश्वास कायद्यानंतर बऱ्याच उल्लंघनांना तुरुंगाऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपये दंड आलाय. पण धंद्याला खरा फटका हवेच्या कायद्यातल्या कलम 31 अ चा बसतो, त्यात युनिट बंद करायचा आणि वीज-पाणी तोडायचा आदेश निघू शकतो. कन्सेंट नाकारलं किंवा अट जाचक वाटली तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं, तेव्हा आदेश ज्या तारखेला हातात पडला ती तारीख त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा.